काकांची ग्मिना

पोलंडमधल्या एका खेड्याचा कारभार रॉटरडॅमजवळच्या स्वयंपाकघरात बसून, त्या देशात एकदाही पाऊल न ठेवता आणि तिथल्या भाषेतलं एक वाक्य न समजता चालवणारा माणूस जगात एकच होऊन गेला असेल, आणि तो आमच्या वरच्या मजल्यावर राहत होता. मी कामापुरतं बोलणारी बाई आहे, उगाच मोठी विधानं करत नाही. हे विधान मात्र मी दोनदा तपासून पाहिलं आहे आणि ते तसंच ठेवते आहे.

हे गृहस्थ म्हणजे आमच्या वरच्या शेजारणीचे वडील. शेजारीण पुण्याची, रॉटरडॅमला सॉफ्टवेअरमध्ये. शहराला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेल गावातल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, तिचं आणि आमचं, त्यामुळे जिन्यावरून वाट्या सतत खालीवर होत असत. काकू गेल्यावर तिनं वडिलांना इकडे आणलं. काका पंचायत समितीत विस्तार अधिकारी होते. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचं दप्तर तपासायचं, ग्रामसभा नियमानं होतात की नाही ते बघायचं आणि ग्रामसेवकांना घाम फोडायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. तालुक्याच्या कुठल्या वाडीत हातपंप आहे आणि कुठल्या वाडीत तो फक्त कागदावर आहे, हे त्यांना झोपेतही सांगता येत असे. असा माणूस विमानातून उतरला आणि थेट अशा देशात आला जिथे सगळे हातपंप, म्हणजे त्या अर्थाचं सगळंच, चालू होतं.

तपासणीला गेलेला अधिकारी पानाखाली ‘पाहिले’ असं लिहून सही करतो. निवृत्तीनंतर काकांची रजिस्टरं गेली, हात तसाच राहिला. सुपरमार्केटचं जाहिरातीचं पत्रक, नातवाचं प्रगतिपुस्तक, दारात पडलेलं पिझ्झाच्या दुकानाचं कार्ड, जे हाती येईल त्याखाली लाल पेनानं ‘पाहिले’ आणि सही. माझ्या फ्रिजवर आठवड्याच्या कामांची यादी असते. ती घरात कुणी वाचत नाही, हे मी गृहीतच धरलेलं. एका सोमवारी त्या यादीखाली लाल अक्षरांत आढळलं, ‘पाहिले. बाब क्रमांक चार प्रलंबित.’ बाब चार म्हणजे माझ्या सायकलचा ब्रेक. मला राग आला. तो दिवसभर टिकला, आणि संध्याकाळी मी ब्रेक दुरुस्त करून आणला.

ज्याचं दप्तर तपासायचं त्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम. तो त्यांनी नेदरलँड्समध्येही सोडला नाही. आमच्या घरी ते सहज आले असतील तर चहा मागून घेत. पण बॉयलर का वाजतो किंवा बाल्कनीत पाणी का साचतं हे बघायला आले असतील, तर कपाकडे पाहतही नसत. मग सगळं बघून झालं, दोन सूचना देऊन झाल्या, की खुर्ची ओढून म्हणत, “हं, तपासणी संपली. आता टाका.” मी आधीच टाकलेला असे. तो निवत ठेवायचा आणि मग पुन्हा गरम करायचा, हे मी कामाच्या वेळेत धरूनच चालत असे.

आल्या आल्या लेक त्यांना नोंदणीसाठी इथल्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेंटमध्ये, घेऊन गेली. काका इस्त्रीचा शर्ट घालून मोठ्या उत्साहानं गेले आणि तोंड पाडून परत आले. क्रमांकाचं तिकीट मिळालं, क्रमांक आला, काम झालं. खिडकीवरच्या बाईंनी वर कॉफी विचारली. तक्रारपेटी कुठे आहे असं काकांनी विचारलं, तर बाईंनी एक छापील पत्रक दिलं आणि कशाबद्दल तक्रार आहे ते काळजीनं विचारलं. काकांनी पत्रक घडी करून खिशात ठेवलं. “ताई,” ते मला म्हणाले, “एक माणूस तिथं चिडलेला नव्हता. अशा गावात अधिकाऱ्यानं करायचं काय?”

पुढचे काही महिने त्यांनी खरोखरच काही न करता काढले. लेक ऑफिसला, नातू शाळेत. काका खिडकीशी बसून नदीच्या बांधावरून जाणाऱ्या सायकली बघायचे. लेकीला काळजी वाटायला लागली होती. बाबांना परत पाठवावं का, असं तिनं मला दोन-तीनदा विचारलं. पण पाठवायचं कुठे? गावचं घर कुलपात, आणि तिथे एकटं राहू द्यायला ती तयार नव्हती. काका स्वतः त्या विषयावर बोलत नसत. त्या घराची किल्ली मात्र उशाशी.

मग मी बाथरूम करायला काढलं. पोलंड युरोपियन युनियनमध्ये येऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि आमच्या भागात पोलिश कारागीर दिसू लागले होते. आमचा फरशीवाला चाळिशीचा, भक्कम बांध्याचा, कमी बोलणारा. त्याला कामापुरतं डच यायचं, मला खेमेंटपुरतं. मी कामाचं वेळापत्रक आखलं: सोमवारी जुन्या फरश्या काढणे, मंगळवारी भिंती, बुधवारी नळ. सोमवारी सकाळी काका तपासणीला आले आणि वेळापत्रक तिथेच संपलं.

त्यांनी त्या माणसाला काय विचारावं? आपल्याकडे कुणीही कुणालाही विचारतो तेच. गाव कोणतं? मी डचमध्ये सांगितलं. तो म्हणाला, पोलंड. काका म्हणाले, “देश नको. गाव, तालुका, जिल्हा.” मी तेही सांगितलं. त्यानं हातातली छिन्नी खाली ठेवली. या देशात आल्यापासून त्याला कुणी पोलंडच्या पुढे काही विचारलंच नव्हतं. त्यानं गावाचं नाव सांगितलं, मग म्हणाला, गाव अमक्या ग्मिनेत, ती ग्मिना अमक्या पोव्यातात. ग्मिना म्हणजे काय, तर दहा-वीस खेड्यांचा मिळून एक कारभार. निवडून आलेली मंडळी, एक प्रमुख, एक कचेरी. पोव्यात म्हणजे त्याच्या वरचं. आणि प्रत्येक खेड्याला गावानंच निवडलेला एक सोवतिस. काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. “सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद,” ते बोटांवर मोजत म्हणाले. “ताई, आपलीच माणसं आहेत ही.”

बाथरूम आठवड्याऐवजी महिनाभर चाललं. मी दोघांच्या मधे उभी राहून डचचं मराठी आणि मराठीचं डच करत होते, आणि दोघांपैकी एकालाही फरशीची घाई नव्हती. सोवतिसाला मानधन मिळतं का? सभेची नोटीस कुठे लावतात? (दुकानाच्या दाराला.) रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं? (ग्मिना. म्हणजे काढत नाही.) या शेवटच्या उत्तरानं काकांना इतका आनंद झाला की त्यांनी फरशीवाल्याचा खांदा थोपटला. अखेर या खंडात कुठेतरी एक कामचुकार कचेरी सापडली होती.

त्यानंतर लेकीच्या कॉम्प्युटरवर त्यांनी इंटरनेटवरची एक जागा शोधून काढली, जिथे पोलंडमधल्या खेड्याखेड्याची माहिती होती. प्रत्येकी दोन ओळी. गाव कुठल्या ग्मिनेत, कुठल्या पोव्यातात, जवळच्या शहरापासून किती लांब, बस्स. आपण वर्तमानपत्र वाचतो तसं काका सकाळी चहाबरोबर वीस-पंचवीस खेडी वाचत. शेरेही मारत. “लोकसंख्या दिलीय, पाण्याची सोय दिलेली नाही,” किंवा “शहरापासूनचं अंतर सांगतात, एसटी जाते का ते सांगत नाहीत.” एकाच नावाची पन्नास गावं सापडली तेव्हा तर ते जिना उतरून मला सांगायला आले. आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव, तसं तिकडे ‘नवं गाव’. ग्मिना सांगितल्याशिवाय पत्र पोचायचं नाही.

त्यांची चूकही त्यांच्यासारखीच होती. फरशीवाल्याच्या गावाच्या नावापुढे तिकडच्या भाषेतलं ‘धाकटं’ असं लागायचं. काकांनी ठरवून टाकलं की हे खुर्द, म्हणजे याचं बुद्रुक ओढ्याच्या पलीकडे असणारच. फरशीवाला म्हणाला, थोरलं आहे, पण ते दुसऱ्या पोव्यातात, गाडीनं दोन तास. काका मान्य करेनात. खुर्द आणि बुद्रुक दोन तासांवर असतील तर सासुरवाशिणीनं माहेरी जायचं कसं? त्यांनी नकाशा काढायला लावला. मधे दोन नद्या आणि एक अख्खं जंगल निघालं. काका नकाशावरून बोट फिरवत म्हणाले, “पूर्वी जवळ असणार. नंतर कुणीतरी हद्द बदलली.” फरशीवाल्यानं मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तो इतका हसला की त्याला सिमेंटची बादली बाजूला ठेवावी लागली. त्या दिवसापासून तो त्यांना ‘वरचे साहेब’ म्हणायला लागला आणि काका त्याला ‘पाव्हणे’.

बाथरूम संपल्यावरही रविवारी पाव्हणे काकांकडे येत राहिले. दुभाषी म्हणून मलाही वर जावं लागे. मी बरोबर इस्त्रीचे कपडे नेत असे, म्हणजे तो वेळ वाया जाऊ नये. अशाच एका रविवारी तो गावाकडची बातमी घेऊन आला. गावची शाळा ग्मिना बंद करणार होती. पोरं कमी, खर्च जास्त. पोरांना बसनं लांबच्या मोठ्या शाळेत न्यायचं. त्याची मुलगी सहा वर्षांची, त्याच वर्षी शाळेत जायची. इथे बसवलेल्या प्रत्येक फरशीच्या पैशातून तो तिकडे घर बांधत होता. छप्पर झालं होतं, खिडक्या व्हायच्या होत्या. आणि बायकोनं स्पष्ट सांगितलं होतं की सहा वर्षांचं पोर मी अंधारात, बर्फात बसला उभं करणार नाही. शाळा गेली तर मी तिला घेऊन बहिणीकडे शहरात जाईन. मग ते घर कुणासाठी, असं तो म्हणाला. तेवढंच म्हणाला.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. ग्मिनेनं गावाचं मत मागवलंय का? मागवलंय, दोन आठवड्यांनी गावसभा आहे. सभेला किती माणसं लागतात? ते त्याला माहीत नव्हतं. “विचारा,” काका म्हणाले. “नियमाचा कागद मागा. आणि हे नक्की विचारा, माणसं कमी आली तर पुढं काय?” पुढच्या रविवारी उत्तर आलं. ठरावीक माणसं जमली नाहीत तर सभा होत नाही. पण अर्ध्या तासानं दुसरी सभा घेता येते, आणि तिला जितकी असतील तितकी चालतात.

काका उठून उभेच राहिले. आपल्याकडेही तहकूब सभेला कोरम लागत नाही. त्यांच्या तालुक्यात एका गावानं अशीच पाण्याची टाकी घालवली होती. कोरम नाही म्हणून लोक जेवायला घरी गेले, मागे सातजण राहिले, आणि टाकी शेजारच्या वाडीला मंजूर झाली. सगळं नियमाप्रमाणे. “ताई, याला नीट समजावून सांगा,” ते म्हणाले. “भांडण करायचं नाही. भाषण करायचं नाही. फक्त एक माणूस घरी जाऊ द्यायचा नाही.” पण कसं थांबवायचं, त्यानं विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, हा प्रश्न माझ्या खात्यातला आहे अशा नजरेनं. मी म्हटलं, खायला ठेवा. गरम चहा आणि काहीतरी गोड, आणि ते दारातच ठेवा. त्यानं लगेच बायकोला फोन लावला.

काकांना स्वतः त्या सभेला जायचं होतं. त्या वेळी पोलंडला जायला आम्हाला वेगळा व्हिसा लागायचा, आणि तो दोन आठवड्यांत मिळण्यातला नव्हता. म्हणून असं ठरलं की सभेसाठी गावी जाणारा फरशीवाला तिथे फोन चालू करून शर्टच्या खिशात ठेवील आणि इकडे आमच्या फोनचा स्पीकर लावायचा. सभेच्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट आणि कोट घालून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. लेकही आली. मी चहा विचारला. त्यांनी हातानंच नको म्हटलं.

सभा गावच्या अग्निशमन गाडीच्या शेडमध्ये होती. आधी नुसत्या खुर्च्या सरकल्याचे आवाज. “माणसं कमी आहेत,” काका हळूच म्हणाले. “भरल्या सभेत खुर्ची वाजत नाही.” मग एक माणूस जोरात बोलू लागला आणि थांबेचना. काका म्हणाले, “हा रस्त्याचा विषय काढतोय. प्रत्येक सभेत एक असतो.” खिशातून फरशीवाल्याची कुजबुज आली. मी सांगितलं, रस्ता नाही, त्याच्या फाटकासमोरचं गटार. “तेच ते,” काका म्हणाले. त्यानंतर एक मऊ, संथ आवाज.

“हा ग्मिनेचा.”

“कशावरून, बाबा?” लेकीनं विचारलं.

“पगारी आवाज आहे.”

तो ग्मिनेचाच होता. त्यानं माणसं मोजली आणि पुरेशी नाहीत असं जाहीर केलं. लगेच खुर्च्यांचा मोठा गडगडाट झाला, बूट वाजले, कुणीतरी हसलं. माणसं उठली होती. काका फोनवर वाकले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, “पाव्हणे, दार.” मी डचमध्ये तेच सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात एका बाईचा आवाज आला. त्याची बायको. काय बोलली ते आम्हाला कळणं शक्य नव्हतं. पण हळूहळू बूट थांबले, मग कपबश्या वाजायला लागल्या. फरशीवाला कुजबुजला की ती खसखशीच्या केकचे दोन ट्रे घेऊन दारात आडवी उभी आहे, आणि केक घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि घेतल्यावर उभ्यानं खाता येत नाही.

तो अर्धा तास काकांनी फोन ठेवू दिला नाही. आम्ही तिघं पोलंडमधल्या माणसांचं खाणं ऐकत बसलो. मधे त्यांनी एकदाच विचारलं, “केक पुरेल ना?” मी म्हटलं, गावातल्या घरांचा अंदाज घेऊन मीच प्रमाण सांगितलंय, पुरेल. त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडून मिळालेली ही माझी सर्वांत मोठी पावती.

दुसरी सभा सुरू झाली. मऊ आवाज आता तितकासा मऊ नव्हता. कुणी काही वाचून दाखवलं. मग एकदम शांतता पसरली. इतकी, की फोन बंद पडला असं मला वाटलं.

“मतं घेताहेत,” काका म्हणाले. “हात वर केलेत.” आणि मग अगदी असहायपणे, “हाताला आवाज नसतो, ताई.”

लेकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी खिशातून एकच डच शब्द आला, “आलेमाल.” मी काकांना सांगितलं, सगळ्यांनी. बंद करायला सगळ्यांनी नाही म्हटलंय. काकांनी कोटाचं बटण सोडलं, डोळे पुसले आणि म्हणाले, “टाका आता चहा.”

गावाचं मत म्हणजे काही हुकूम नव्हे, हे काकांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण एवढी एकमुखी सभा झाल्यावर ग्मिनेलाही घाईनं काही करता येईना. आधी निर्णय पुढे ढकलला गेला, मग पालकांनीच मंडळ काढून शाळा चालवायला घेतली. फरशीवाल्यानं इथली कामं उरकली आणि वसंतात कायमचा गावी निघाला. घराच्या खिडक्या त्याला स्वतः बसवायच्या होत्या.

निरोप घ्यायला आला तेव्हा काकांनी त्याला स्टीलचा डबा भरून चिवडा दिला आणि गाव नीट सांभाळा असं सांगितलं, जसं काही स्वतः काकाच त्या गावातून बदली होऊन निघाले होते. तो दारापर्यंत गेला आणि मागे वळला. वरच्या साहेबांचं गावी घर आहे ना, त्यात कोण राहतं, असं त्यानं मला विचारायला सांगितलं. इतक्या महिन्यांत त्यानं त्यांच्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. मी विचारला. काका म्हणाले, कुणी नाही. मी तेही सांगितलं. फरशीवाल्यानं टोपी काढली आणि तो गेला.

आठ-दहा दिवस काका खाली आले नाहीत. माझ्या फ्रिजवरची यादी कुणी तपासलेली नसे, आणि मला ते चांगलं वाटत नव्हतं. मग एका शनिवारी आले आणि म्हणाले, “ताई, लिहून घ्यायला बसा.” काकांच्या गावात अंगणवाडीला धड जागा नव्हती. पोरं देवळाच्या पडवीत बसत, पावसात तेही नाही. काकांनी ग्रामपंचायतीला फोन करून आपलं घर द्यायचं ठरवलं होतं. पुढच्या दोन खोल्या पोरांना, मागची स्वयंपाकाला. किल्ली येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायची होती. लेकीला सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं. ती रडली, ते म्हणाले, आणि मग तिनंच सतरंज्यांचे पैसे देते म्हटलं.

मी लिहीत गेले. सतरंज्या, पाण्याचा पिंप, फळा, ताटल्या, दाराला खालून पट्टी, म्हणजे साप येणार नाही. काका एकेक वस्तू नीट विचार करून सांगत होते. कुठली खिडकी अडकते आणि तिला कुठून ढकलायचं, न्हाणीचा उंबरा किती उंच आहे आणि लहान पोर तिथे कसं अडखळेल. ते घर मी कधी पाहिलं नव्हतं. यादी संपेपर्यंत मला त्यातून अंधारात चालता आलं असतं.

शेवटी मी विचारलं, अजून काही? त्यांनी यादी हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचली.

“आता मी गावी गेलो तरी उतरायला जागा नाही,” ते म्हणाले. हसून म्हणाले, आणि मला तेवढ्यावरूनच कळलं की हा विचार त्यांनी पुष्कळ दिवस करून झालेला आहे.

बाहेर बांधावर ऊन पडलं होतं. एक बाई दोन लहान मुलांना सायकलच्या पुढच्या पेटीत बसवून चालली होती, आणि मुलं काहीतरी ओरडून गात होती. काका ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मला भाजी आणायला जायचं होतं. मी पिशवी खुर्चीला अडकवली आणि त्यांच्याशेजारी बसून राहिले.